कोरड्या हौदाचं झाकण

अशा गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. जिल्ह्याच्या एका दैनिकात मी आयुष्यभर बातमीदारी केली. झाडातून दूध गळतंय, बंद घरावर दगड पडतायत... असल्या बातम्या घेऊन लोक कार्यालयात यायचे. मी विचारायचो — कुणी पाहिलं, कुठं उभं राहून पाहिलं, आणि यात फायदा कुणाचा? बहुतेक बातम्या शेवटच्या प्रश्नाला संपायच्या. खाली लिहितोय त्या प्रकारालाही मी हेच प्रश्न लावून पाहिले. कुणी पाहिलं? मी पाहिलं, आणि निम्म्या गावानं पाहिलं. फायदा कुणाचा झाला, तेही माहीत आहे. तरी काही सुटत नाही.

आमचं गाव बीड जिल्ह्यातलं, माजलगावच्या अलीकडचं. नाव देत नाही. माणसांची नावंही बदलली आहेत, कारण ती अजून तिथंच राहतात आणि एकमेकांच्या लग्नाला जातात.

गावाला एक साठवण तलाव आहे. तलावावर सहकारी उपसा सिंचन संस्था आहे — पंपानं पाणी उचलायचं, पाइपलाइननं सभासदांच्या रानात सोडायचं. तलावाजवळच्या काळ्या रानांत पाणी पोचलं, ऊस उभा राहिला, कारखान्याला जाऊ लागला. पाइपलाइनच्या शेवटच्या टोकाला मुरमाड माळ आहे, तांबड्या मातीचा. तिथं धनगरांची वस्ती. तिला सगळे 'टेल' म्हणतात. टेलची माणसंही संस्थेची सभासद होती. पाणी वाटायला हौद लागतो म्हणून भामाबाई नावाच्या बाईनं आपल्या रानाचा कोपरा दिला होता. हौद बांधून झाला. त्यावर जाड पत्र्याचं दोन फाळक्यांचं झाकण बसलं. शेवटचे पाइप तेवढे आले नाहीत. हौद बांधला तसा कोरडा राहिला.

हे सगळं बापूराव चेअरमन असतानाचं. त्यांच्यानंतर माझा मामेभाऊ दिलीप चेअरमन झाला, तो टेलच्या मतांवर. त्यानं वस्तीवर जाऊन शब्द दिला होता, की शेवटचे पाइप टाकल्याशिवाय खुर्ची सोडणार नाही. ठराव वार्षिक सभेत मांडायचा होता. तेवढ्यात दुष्काळ पडला.

त्या वर्षी जिल्ह्यात जनावरं छावणीत आणि माणसं टँकरच्या रांगेत होती. आमच्या गावाला टँकर लागत नव्हता, याचं कारण दिलीपच. तलावाच्या तळाशी उरलेलं पाणी त्यानं पिण्यासाठी राखलं आणि शेतीच्या मोटारींना सील लावलं. तरी चोरून मोटार चालायची. मग त्यानं एक नियम काढला. तो तेव्हा आमच्याच पेपरात छापून आला होता — गावात येणाऱ्या प्रत्येक गाडीचं चाक पारापाशी तपासायचं. चाकाला ओला चिखल निघाला, तर ती गाडी भिजलेल्या रानातून आली, म्हणजे मालकानं पाणी चोरलं. त्याचं कनेक्शन बंद. मालक पदावर असेल तर पदही गेलं. कारण विचारायचं नाही, सबब ऐकायची नाही.

तपासायला कुणाला बसवावं, यावर वाद झाला. दिलीपनं टेलच्या लोकांना बसवलं. त्यांच्याकडं मोटारच नव्हती, तेव्हा त्यांना कुणाची भीड पडायचं कारण नव्हतं. भामाबाई हातात खुरपं घेऊन पारावर बसायची. ट्रॅक्टर आला की टायरच्या नक्षीत खुरपं फिरवायची आणि निघालेली माती बोटांनी चुरून बघायची.

पहिला सापडला बापूरावांचा पुतण्या. नांगर धुताना चाकं भिजली, असं तो सांगत होता. दिलीपनं ऐकून घेतलं नाही. कनेक्शन तोडलं.

आता गाडीबद्दल.

दिलीपला एकच शौक होता. हैदराबादच्या एका जुन्या कुटुंबाच्या शेडमधून त्यानं एक विलायती स्पोर्ट्स कार आणली होती... दोन सीटांची, उघड्या टपाची, बसलं की रस्ता हाताला लागेल इतकी बुटकी. तारांची बारीक चाकं. त्या मापाचे टायर मिळेनासे झाले, आणि आमच्या रस्त्यांवर त्या तारा टिकतही नव्हत्या. पुण्याच्या जुन्या बाजारात त्याला चार रुंद चाकं मिळाली. ती बसवली तर मडगार्डच्या बाहेर चार बोटं येत होती आणि स्टेअरिंग पूर्ण वळवलं की टायर पत्र्याच्या कडेला घासत होता. उपाय एकच — कडा कापायच्या आणि वरून फुगीर पत्रे जोडायचे. फेंडर फ्लेअर म्हणतात त्यांना. बीडमध्ये रशीदभाई म्हणून डेंटर आहे. तो 'पापण्या' म्हणाला.

"पापण्या बनाता मैं," रशीदभाई म्हणाला. "लेकिन बाजार का पत्रा पतला आता. जाड पत्रा लाओ."

जाड पत्रा कुठं मिळेल, हे दिलीप पारावर बसून मला विचारत होता. भामाबाईनं ऐकलं.

"आमच्या हौदाचं झाकण ने की," ती म्हणाली. "लई जाड हाय."

"मावशी, हौदाचं कसं नेऊ?"

"आरं पाणीच न्हाई तं झाकन काय करायचं? त्याच्यावर शेरडं बसत्यात. ने. पाणी सोडायच्या दिवशी नवं घेऊन ये म्हंजे झालं."

दिलीप हसला. "पाणी आणि झाकण एकाच दिवशी आणतो."

"तू आनशील तवा खरं," भामाबाई म्हणाली.

झाकण रशीदभाईकडं गेलं. तो कापायला बसला तेव्हा मी तिथं होतो. गॅरेजात सगळे टँकर उभे होते, वेल्डिंग त्यांचंच चाललेलं. रशीदभाईनं पत्रा उलटा केला, आतल्या बाजूनं बोट फिरवलं आणि मला हाक मारली.

"देखो साहब. हौद का है बोलते. इसकू तो पानी लगाच नै!"

आतून एक गंजाचा ठिपका नव्हता. कारखान्यातून आला तेव्हाचा निळसर रंग तसाच होता.

काम चांगलं झालं. पुठ्ठ्याचा साचा काढून, वाळूच्या पोत्यावर ठोकून त्यानं चारही पत्र्यांना बाक दिला. मडगार्डच्या कडा कापल्या, पत्रे जोडले, आतल्या सांध्यात सीलर भरून काळं कोटिंग मारलं. मागं डिकीत वाळूची पोती टाकून गाडी दाबून पाहिली. टायर आणि पापणीच्या मध्ये तळहात सहज आडवा जात होता. कुठं घासत नव्हतं. कोटिंग वाळल्यावर मी स्वतः हात घालून पाहिलं होतं, कारण मागं एकदा अशाच कामात बोट कापलं होतं. आत कोरडं आणि स्वच्छ होतं. गाडी धुतलीही नव्हती. त्या दिवसांत बीडमध्ये गाडी धुवायची म्हणजे लोकांच्या शिव्या खायच्या.

आम्ही दुपारी निघालो. मी शेजारच्या सीटवर. सगळा डांबरी रस्ता, गावाजवळ त्यावर थोडा फुफाटा. गाडी एकदाही खाली उतरवली नाही. रस्त्यात पाणी म्हणून दिसलं ते फक्त समोरून येणाऱ्या टँकरमधलं.

पारावर माणसं होती. बापूरावही होते.

"चेअरमन, गाडीला सूज आली का काय?" कुणीतरी ओरडलं.

"सूज न्हाई, चरबी हाय. छावणीतली पेंड खाल्ली आसंल."

"मावशी, तपासा," दिलीप स्वतःहून म्हणाला. त्याला मजा वाटत होती. भामाबाई उठली. हौदाचं झाकण कुठं गेलं ते बघायचंच होतं तिला. तिनं पापणीवर वरून हात फिरवला, रंग चांगला लागलाय म्हणाली, आणि सवयीनं खालून बोटं आत घातली.

हात बाहेर आला तो मनगटापर्यंत ओल्या चिखलानं भरलेला.

हसणं कसं थांबलं ते मला आठवतं. एकदम नाही. पुढचे गप्प झाले, मग मागचे. भामाबाई हाताकडं बघत राहिली. दुसऱ्या चाकाला घातला, तिथंही तेच. चारही चाकांना. टायर मात्र वरून धुळीनं पांढरा होता. चिखल होता तो फक्त पापण्यांच्या आतल्या बाजूला, थापल्यासारखा.

"गॅरेजात धुतली आसंल," ती हळूच म्हणाली. सबब ती देत होती... ज्या बाईनं कुणाची सबब ऐकली नव्हती, ती.

"धुतली नाही," दिलीप म्हणाला.

मी मध्ये पडलो. मी सोबत होतो, गाडी डांबरावरून खाली उतरली नाही, हे सांगितलं. बापूराव शांतपणे म्हणाले, "पेपरवाले तुमचे आत्तेभाऊ लागतात ना चेअरमन?"

विषय तिथंच मिटवता आला असता. पाच-सहा जण तसं म्हणतही होते. पण दिलीप हट्टाला पेटला. त्यानं तिथंच कोरड्या फडक्यानं चारही पापण्या आतून पुसल्या, गाडी पारासमोरच्या फरशीवर सगळ्यांसमोर उभी केली आणि किल्ली भामाबाईकडं दिली. "उद्या सकाळी सगळ्यांनी बघायचं," तो म्हणाला.

सकाळी आत चिखल होता. ओला, गार. गाडी होती त्या फरशीवरच होती. चाकांभोवती कुणीतरी राखेची रेघ ओढून ठेवली होती, ती मोडली नव्हती.

आता संशय भामाबाईवर गेला. किल्ली तिच्याकडं होती. तिचा मुलगा गाडी चालवू शकतो का, याची चौकशी झाली. तिला मुलगाच नाही, हे गावात सगळ्यांना माहीत होतं, तरी झाली.

मी त्या वेळी हेच धरून चाललो होतो, की कुणीतरी मुद्दाम भरतंय. बापूरावांची माणसं हे करू शकत होती. म्हणून उपायही मीच सुचवला. गाडी संस्थेच्या गोदामात न्यायची, चारही चाकं काढायची, गाडी विटांवर चढवायची. पापण्या आतून कोरड्या करायच्या. गोदामाला दोन कुलपं — एक दिलीपचं, एक बापूरावांचं. चाकं बापूरावांच्या घरी ठेवायची. गोदामाला खिडकी नव्हती, फरशी सिमेंटची होती. बापूराव लगेच तयार झाले. त्यांनी पितळेचं मोठं कुलूप आणून स्वतःच्या हातानं लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही कुलपं सगळ्यांसमोर उघडली. आत शिरताच वास आला. हा वास शेतातल्या माणसाला सांगावा लागत नाही — रानाला पाणी सोडल्यावर जमीन पहिल्यांदा भिजते त्याचा. त्या वर्षी तो वास कुणी घेतला नव्हता. दोघं-तिघं म्हातारे दारातच थांबले.

गाडी विटांवर होती. चाकं नव्हती. चारही पापण्यांत काठोकाठ चिखल भरला होता, आणि मागच्या डावीकडून पाणी गळून खाली सिमेंटवर ओल पसरली होती.

भामाबाईनं चिखल उजेडात आणला, बोटांत चुरला. बराच वेळ चुरत होती.

"ही काळी माती न्हाई," ती म्हणाली.

ती बोलली आणि मग सगळ्यांना दिसलं. गेले दोन दिवस सगळे 'चिखल, चिखल' करत होतो, रंगाकडं कुणी पाहिलं नव्हतं. तांबडी माती होती ती. मुरमाचे खडे होते त्यात. तलावाजवळ, उसाच्या रानांत, जिथं जिथं पाणी चोरता येईल तिथं सगळीकडं काळी जमीन आहे. तांबडा मुरूम फक्त टेलला. आणि टेलला कधी पाणी गेलेलंच नाही.

"ही आमच्या माळाची हाय," भामाबाई म्हणाली. "हौदाजवळची. मी वळखते."

आम्ही काहीजण लगेच माळावर गेलो. रान भेगाळलेलं होतं, हौद कोरडा ठणठणीत. आत शेळ्यांच्या लेंड्या आणि वाळलेला पाला. खणून पाहिलं. हातभर खालीही धूळच.

मला वाटलं, दिलीप सुटला. याहून स्वच्छ पुरावा काय असतो? गाडीला चाकं नव्हती, गोदामाला विरोधकाचं कुलूप होतं, आणि माती होती ती जिथं पाणी मिळणं शक्यच नाही तिथली. सायंकाळी पारावर सभा बसली तेव्हा मी हे सगळं क्रमानं मांडलं. लोकांनी ऐकलं.

बापूराव उठले. आवाज चढवला नाही.

"पेपरवाले बोलले ते समदं खरं हाय. माजं कुलूप खरं. चाकं माज्या घरी व्हती, ते बी खरं. मी कुनावर आरोप करत न्हाई. माजं इतकंच म्हननं हाय... माज्या पुतन्याला कावून चिखल लागला, हे कुनी इचारलं का? माती काळी का तांबडी, बघितलं का? नियम कुनी केला?"

मग मागून एकजण म्हणाला, "खरं हाय बे. चिखल तं चिखल."

"चिखल तं चिखल," आणखी दोघं म्हणाले.

दिलीप उभा राहिला. तो काय करणार हे मला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं. भामाबाईलाही कळलं असावं, कारण ती जागेवरून ओरडली, "बस खाली! लेकरा, बस खाली तू!"

"मावशी, नियम माझा आहे."

"आरं पन तू चोरलं न्हाई ना!"

"पुतण्याला मी बोलू दिलं नाही. मला कसं बोलता येईल?"

त्यानं तिथंच राजीनामा दिला. टाळ्या झाल्या. खरोखर झाल्या... त्याच्या तत्त्वाबद्दल. सगळ्यात आधी टाळ्या वाजवल्या त्या बापूरावांनी.

भामाबाईनं वाजवल्या नाहीत. ती दिलीपच्या समोर येऊन उभी राहिली. "तुजा नियम ऱ्हायला. तुजं नाव ऱ्हायलं," ती म्हणाली. "आमचं पानी गेलं ना रं."

खाली वाकून तिनं चपला शोधल्या. जाताना एकदाच वळून म्हणाली, "इतकी वर्सं वाट बघितली. आलं, तं गाडीला आलं."

पुढचं थोडक्यात. बापूराव पुन्हा चेअरमन झाले. चाक तपासणी बंद झाली. राखलेलं पाणी ऊस जगवायला गेलं आणि तलावाचा तळ उघडा पडला. आमच्या गावालाही टँकर सुरू झाला. शेवटच्या पाइपांचा ठराव वार्षिक सभेपुढं आलाच नाही. ही बातमी मी दिली होती. आतल्या पानावर लागली, एका कॉलमात.

राजीनाम्यानंतर गाडीत चिखल आला नाही. एकदाही नाही. दिलीपनं चाकं पुन्हा चढवली, पण गाडी रस्त्यावर नेली ती एकदाच — बीडला, रशीदभाईकडं, पापण्या उतरवायला. मी सोबत होतो. रशीदभाईला वाटलं काम आवडलं नाही. तो चिडला. पत्रे सोडवून त्यानं आतली बाजू पाहिली आणि माझ्याकडं पाहिलं. सीलरच्या आतून, जिथं पाणी शिरायला जागाच नव्हती, पत्रा गंजला होता. जुना गंज, पापुद्रे सुटणारा. वर्षानुवर्षं पाण्यात असल्यासारखा.

"ये मेरा पत्रा नै," रशीदभाई म्हणाला. पण वेल्डिंगचे टाके त्याच्याच हातचे होते, आणि ते त्याला नाकारता येत नव्हते.

दिलीपनं चारही तुकडे वस्तीवर परत नेऊन दिले. नवं झाकण नेता आलं नाही, म्हणून जुनं. त्यांना आता बाक आलाय, हौदावर ते नीट बसत नाहीत. भामाबाईनं दगड ठेवून बसवलेत. गाडी दिलीपच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली आहे. तो तिच्याबद्दल बोलत नाही, आणि माझ्याशीही पूर्वीसारखा बोलत नाही. कुलपाची कल्पना माझी होती.

स्पष्टीकरण माझ्याकडं नाही. मातीचं नाही, पाण्याचं नाही, गंजाचंही नाही. कृषी खात्यातल्या एका ओळखीच्या माणसाला विचारलं होतं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि कुणीतरी मस्करी केली असेल म्हणाला. कुलपाचं काय, विचारल्यावर चहा मागवला. या झाकणाची वाचकांना आपापली संगती लावता येईल. मी लावलेली नाही, कारण कुठलीही संगती लावली तरी ती मधेच तुटते. टेलचं पाणी टेलच्याच बाजूच्या माणसाला का बुडवेल?

त्या बाजूला गेलो की मी वस्तीवर जातो. भामाबाई आता थकली आहे, पण हौदापर्यंत माझ्यासोबत येते. मी दगड बाजूला करतो, वाकड्या पत्र्याखाली हात घालतो, उथळ हौदाच्या तळापर्यंत नेतो. गेल्या खेपेलाही घातला.

"हाय का वलं?" तिनं विचारलं.

"नाही. कोरडं आहे."

"नीट बघा."

पुन्हा घातला. बोटांना धूळ लागली, ती तिला दाखवली.

"मंग ह्याची बातमी कावून छापत न्हाई तुमी?" ती म्हणाली, आणि दगड परत पत्र्यावर ठेवायला खाली वाकली.